खरिपातल्या मोकळ्या रानात ताग: २० गुंठ्यांच्या नोंदी

मे अखेर

मोहोळ तालुक्यात सीनेच्या पट्ट्यात आमचं एक एकर काळं रान आहे. विहीर नाही, कॅनॉल नाही, सगळी भिस्त पावसावर. वर्षाला पीक एकच, रब्बीची मालदांडी ज्वारी. जून ते सप्टेंबर रान मोकळं ठेवायचं, तण दिसलं की कुळवाची पाळी घालायची (कुळवाने वरची माती ढवळून तण काढायचं) आणि हस्त नक्षत्राच्या आगेमागे पेरायचं. सोलापूरकडच्या भारी जमिनीत ही रीत जुनी आहे आणि तिला भक्कम कारण आहे. इकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि ज्वारी उगवल्यावर जवळपास पडतच नाही. रानात जेवढं पाणी मुरलं तेवढ्यावर पीक काढायचं.

पण ते चार महिने माती उघडी पडते. जोराचा पाऊस झाला की बांधाच्या सांडीतून चहाच्या रंगाचं पाणी जाताना दरवर्षी दिसतं. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आला, सामू (पीएच) ८.२. शेणखत विकत घेऊन हा आकडा हलवणं परवडत नाही, कारण गावात जनावरंच कमी झाली आहेत.

म्हणून खरिपात ताग घेऊन गाडायचा ठरवला. ताग हे शेंगांचं पीक, हिरवं असतानाच नांगरून मातीत मिसळलं की खत होतं. पूर्ण एकरात नाही. २० गुंठे तागाखाली, २० गुंठे नेहमीसारखे मोकळे. शेजारी शेजारी असल्याशिवाय फरक कळणार नाही.

चुलते, आमचे तात्या, या कामावर खूश नाहीत. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो, कारण सगळी परीक्षा त्याचीच आहे: "ताग वल खाईल. खत मिळंल तुला, पर हस्ताला रान तहानलेलं राहील. मग खत घेऊन काय करतो?"

४ जून

बियाणं आणलं, १६ किलो, ११० रुपये भावाने १,७६० रुपये. हिरवळीच्या खतासाठी एकरी २० ते २५ किलो ताग लागतो, म्हणजे २० गुंठ्यांना १० ते १२ किलो. आधी पाव किलो आणून ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी मोजले तर ७१ उगवलेले. बियाणं मागच्या हंगामातलं निघालं. दुसऱ्या दुकानात मालच नव्हता, म्हणून तेच घेतलं आणि प्रमाण वाढवलं.

गोणपाटाची चाचणी न करता कुणीही ताग पेरू नये. दाट उगवला तरच तो तण दाबतो आणि खोड बारीक, लुसलुशीत राहतं. विरळ तागाचं खोड अंगठ्याएवढं होतं आणि कुजायला महिने घेतं.

१६ जून (मृग)

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, वीतभर ओल गेली. वापसा आल्यावर, म्हणजे रान कामापुरतं सुकल्यावर, आज पेरणी. आदल्या संध्याकाळी गुळाच्या पाण्यात चवळी गटाचं रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) कालवून बियाण्याला चोळलं आणि सावलीत सुकवलं. या रानात कित्येक वर्षांत द्विदल पीक झालेलं नाही, त्यामुळे हे ८० रुपये वाचवावेसे वाटले नाहीत. एक पोतं सिंगल सुपर फॉस्फेट पेरणीच्या आधी फेकलं, ५२० रुपये. तागाच्या मुळांवरच्या गाठींना स्फुरद लागतं आणि ताग गाडला की ते रानातच राहतं.

बरेच जण फेकून पेरतात. मी पाभरीने (बैलांच्या पेरणी अवजाराने) पेरलं, दोन ओळींत जवळपास एक फूट. बैलजोडीचे ७०० रुपये गेले. काळ्या मातीत वर पडलेलं बी पाऊस लांबला तर मुंग्या नेतात आणि पाऊस जोराचा झाला तर वाहून बांधाला लागतं. पाभरीने ते ओलीत पडतं.

२४ जून

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसायला लागले होते. मग २० तारखेला तासभर दणका पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. मातीची खपली धरली. बांधाकडच्या सखल भागात कोंब खपलीखाली वाकून पिवळे पडले. काठीला खिळे ठोकून दाताळ्यासारखं केलं आणि ओळींवरून हलक्या हाताने खपली फोडली. निम्मे कोंब वाचले. उरलेल्या बियाण्याने नांग्या (रिकाम्या जागा) भरल्या.

मोकळ्या बाजूला कुळवाची पहिली पाळी, ७०० रुपये.

८ जुलै (पुनर्वसु)

ताग गुडघ्याखाली आहे, ओळी मिळत आल्या आहेत. चार झाडं खुरप्याने मातीसकट उपटून मुळं धुतली. गाठी भरपूर आहेत. नखाने फोडल्यावर आतून गुलाबी निघाल्या, म्हणजे कामाला लागलेल्या आहेत. आतून पांढऱ्या किंवा हिरवट गाठी नत्र देत नाहीत.

काल रात्रीच्या पावसानंतर दोन्ही बाजू पाहिल्या. मोकळ्या बाजूला उताराने बोटभर खोल घळी पडल्या आहेत आणि सांडीत गाळाचा थर बसला आहे. तागाच्या बाजूला पाणी होतं, पण ओळीओळीत थांबलेलं, आणि सकाळपर्यंत मुरलं. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा हे काम करावं असं मला वाटतं. ती माती परत आणता येत नाही.

२२ जुलै (पुष्य)

कमरेपर्यंत आला. तण जवळपास नाही. लव्हाळा मेलेला नाही, तो मरत नसतो, पण पिवळा पडून दबला आहे. मोकळ्या बाजूला कुळवाची दुसरी पाळी झाली आणि तरी काठाकाठाने कुंदा वर आला आहे.

पांढऱ्या पंखांवर काळे-लाल ठिपके असलेले पतंग फिरत आहेत आणि शेंड्यांवर त्यांचे सुरवंट आहेत. तागाची ही नेहमीची कीड. ८-१० दिवसांत पीक गाडायचंच आहे, त्यामुळे फवारणी केली नाही. सगळा ताग बियाण्यासाठी ठेवला असता तर लक्ष द्यावं लागलं असतं.

१ ऑगस्ट

गाडण्याआधी वजन. लाकडी पट्ट्यांची एक मीटर चौकट करून तीन ठिकाणी ताग मुळाजवळ कापला: १.८, १.५ आणि १.२ किलो. शेवटचा आकडा खपली धरलेल्या भागातला. सरासरी दीड किलो धरली तर २० गुंठ्यांत तीन टन हिरवा पाला. तीन टन ऐकायला मोठं वाटतं, पण त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी. कोरडा माल सहा-सातशे किलो, आणि त्यात नत्र अंदाजे १५ ते २० किलो. म्हणजे युरियाचं पाऊण-एक पोतं, तेही सगळं पहिल्या पिकाला मिळत नाही. नुसत्या नत्रासाठी ताग करायचा असेल तर युरिया स्वस्त पडतो. मला कर्ब हवा आहे आणि माती जागेवर राहायला हवी आहे.

फुलकळी कुठे कुठे दिसते आहे. फूल लागायला सुरुवात झाली की गाडावा, असं सगळीकडे सांगतात.

२ ऑगस्ट

रोटाव्हेटर लावला आणि काम बंद पडलं.

पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या, पाला बारीक होऊन मातीत मिसळत होता. तिसऱ्या फेरीला रोटरचा आवाज बदलला. उतरून पाहिलं तर सगळ्या पात्यांना आणि दांड्याला तागाच्या साली गुंडाळलेल्या. विळ्याने कापून काढल्या, परत सुरू केलं, १० मिनिटांत तेच. ड्रायव्हर म्हणाला, "सीलमध्ये वाख गेला तर बेअरिंग जाईल," आणि ते बरोबरच होतं. वाख म्हणजे तागाच्या सालीचा धागा. त्याचे ५०० रुपये दिले.

तात्या बांधावर होते. त्यांच्या लहानपणी याच तागाचा वाख काढून घरी कासरे आणि चऱ्हाटं वळायचे. ४५ दिवसांच्या तागाची सालसुद्धा तुटत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच उपाय सांगितला: आधी आडवा पाड, मग नांगर घाल, आणि ज्या दिशेने पाडला त्याच दिशेने नांगर.

५ ऑगस्ट (आश्लेषा)

तात्यांच्या पद्धतीने केलं. लाकडी फळीवर दोन माणसं उभी राहिली, बैलांनी ती ओढली आणि ताग एका दिशेला झोपवला. ४०० रुपये. त्यामागून ट्रॅक्टरचा पलटी नांगर, फळी गेली त्याच दिशेने. ताग तासात (नांगराच्या चरीत) पडतो आणि पलटी झालेली माती त्याच्यावर बसते. कुठेही गुंडाळला नाही. उलट्या दिशेने एक तास मुद्दाम घालून पाहिलं, तर शेंडे नांगराच्या दांड्यात अडकून ढीग होऊन पुढे ओढले गेले.

नांगर वीतभरापेक्षा खोल जाऊ दिला नाही. खोल गाडलेला पाला हवेअभावी नीट कुजत नाही.

१२ गुंठे झाले आणि पाऊस आला. काळ्या मातीत ट्रॅक्टरचं चाक फिरायला लागलं, म्हणून थांबलो. ८ गुंठे उभे राहिले. आजचे नांगराचे ९०० रुपये.

१९ ऑगस्ट (मघा)

दोन आठवडे वापसाच नाही. जेव्हा वापसा आला तेव्हा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या रानात. उरलेल्या ८ गुंठ्यांतला ताग डोक्याच्या वर गेला, पिवळ्या फुलांनी भरला आहे. दिसायला सुंदर आहे, पण खोड हाताने मोडत नाही.

गाडलेल्या १२ गुंठ्यांत खुरप्याने उकरून पाहिलं. पानं पूर्ण गेली आहेत, काळी बुळबुळीत झाली आहेत. खोड दाबलं की चेपतं. पावसाने कुजायला चांगली मदत केली. मोकळ्या बाजूला कुळवाची तिसरी पाळी घातली.

२९ ऑगस्ट

अखेर उरलेले ८ गुंठे गाडले. फळी ३०० रुपये, नांगर ८०० रुपये. ट्रॅक्टरवाला एवढ्याशा कामासाठी एकराच्या निम्मा दर घेतो, त्याचंही बरोबर आहे. फळीने ताग नीट झोपला नाही, खोडं परत उभी राहत होती. बरीच खोडं अर्धी मातीबाहेर राहिली.

आता रानात तीन तुकडे झाले: ७ आठवड्यांचा ताग गाडलेले १२ गुंठे, १० आठवड्यांचा गाडलेले ८ गुंठे आणि मोकळे २० गुंठे. यातला ८ गुंठ्यांचा तुकडा योजनेत नव्हता, पण त्याच्याही नोंदी वेगळ्या ठेवतो आहे.

२७ सप्टेंबर

उत्तरा चांगली बरसली. आज तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर काढायचं होतं. तिन्ही तुकड्यांत कुदळीने खड्डे घेतले, एक फुटावरची आणि दोन फुटांवरची माती अर्धा अर्धा किलो तोलून आणली, तव्यावर मंद आचेवर पूर्ण वाळवली आणि परत तोलली. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी.

मोकळं रान: एक फुटावर ११२ ग्रॅम, दोन फुटांवर ११४.
लवकर गाडलेलं: एक फुटावर ११५, दोन फुटांवर १०८.
उशिरा गाडलेलं: एक फुटावर ९५, दोन फुटांवर ८८.

म्हणजे तात्या बरोबर होते, आणि किती बरोबर ते आता दिसतं. तागाने ओल खाल्ली. पण ५ ऑगस्टला गाडलेल्या तुकड्यात त्यानंतरच्या मघा, पूर्वा, उत्तरा या तिन्ही नक्षत्रांच्या पावसाने ती जवळपास भरून काढली, फक्त खाली थोडी कमी राहिली. २९ ऑगस्टला गाडलेल्या तुकड्यात ताग ऐन वाढीत सगळा मघाचा पाऊस पीत उभा होता आणि भरून यायला वेळच उरला नाही.

हे आकडे तात्यांना वाचून दाखवले. ते दोन फुटांच्या आकड्यावर बराच वेळ थांबले. म्हणाले, "मग पुष्यातच गाडायचा. फुलाची वाट बघू नको."

माझंही आता हेच मत आहे. फूल लागल्यावर गाडावा हा सल्ला बागायती रानाचा आहे. कोरडवाहू रब्बीच्या रानात तारीख ज्वारीच्या पेरणीपासून मागे मोजायची आणि मध्ये निदान आठ आठवड्यांचा पाऊस रानासाठी सोडायचा. पाला थोडा कमी मिळाला तरी चालेल.

२ ऑक्टोबर (हस्त)

ज्वारीची पेरणी, सगळीकडे सारखी: मालदांडी, एकराला ४ किलो, बियाण्याला काणी रोगासाठी गंधक चोळलेलं, दोन ओळींत दीड फूट. रासायनिक खताची मात्राही तिन्ही तुकड्यांत एकच.

लवकर गाडलेल्या तुकड्यात कुळवाच्या दोन पाळ्या घालून रान लोण्यासारखं झालं होतं, पाभर न अडखळता गेली. उशिरा गाडलेल्या तुकड्यात न कुजलेली खोडं पाभरीच्या फणांत अडकत होती. दर १०-१५ पावलांवर थांबून हाताने काढावी लागली. ८ गुंठ्यांना १२ गुंठ्यांपेक्षा जास्त वेळ गेला, आणि जिथे फण उचलला तिथे बी वरच पडलं.

१२ ऑक्टोबर

उगवण: मोकळं आणि लवकर गाडलेलं, दोन्हीकडे छान. उशिरा गाडलेल्यात सलग ओळ नाही, हातहातभर मोकळ्या जागा.

२८ ऑक्टोबर

उशिराच्या तुकड्यातली रोपं फिकट पिवळी आहेत, बाकीची काळपट हिरवी. कारण स्पष्ट आहे. जून झालेल्या खोडात कर्ब फार आणि नत्र थोडं. ते कुजवणारे जिवाणू आपल्या पोटासाठी मातीतलंच नत्र उचलतात आणि तेवढे दिवस पिकाला मिळत नाही. पाऊस संपला आहे, कोरड्या रानात वरून युरिया टाकून काही होणार नाही. पहिली कोळपणी (ओळींमधली माती हलवणं) करून सोडून दिलं.

१५ डिसेंबर

तीन कोळपण्या झाल्या. रानाला भेगा पडायला लागल्या आहेत. मोकळ्या बाजूच्या भेगांत हाताची चार बोटं जातात, लवकर गाडलेल्यात दोन. एका वर्षाच्या तागाने मातीचा पोत बदलला असं मी म्हणणार नाही. पण वरचा थर भुसभुशीत राहिला आणि कोळप्याने भेगा जास्त चांगल्या बुजल्या, हे उघड दिसतं आहे.

उशिराचा तुकडा पोटरीत येताना, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी, मागे पडला, कणसं लहान आहेत.

१४ ते २० फेब्रुवारी

काढणी, कणसं खुडणं, मळणी. तिन्ही तुकड्यांची रास वेगळी ठेवली, त्यासाठी मळणी यंत्र दर वेळी रिकामं करून घेतलं.

मोकळे २० गुंठे: २८४ किलो, गुंठ्याला १४.२.
लवकर गाडलेले १२ गुंठे: १९३ किलो, गुंठ्याला १६.१.
उशिरा गाडलेले ८ गुंठे: ८७ किलो, गुंठ्याला १०.९.

लवकरच्या तुकड्याने २३ किलो जास्त दिली आणि उशिराच्या तुकड्याने २७ किलो कमी. २० गुंठ्यांच्या तागाचा यंदाचा धान्यातला हिशेब साधारण शून्य. कडबा लवकरच्या तुकड्यात उंच आणि जाड आला, पण पेंढ्या वेगळ्या मोजायच्या राहिल्या, म्हणून आकडा देत नाही.

खर्च एकत्र लिहितो. बियाणं १,७६०, रायझोबियम ८०, फॉस्फेट ५२०, पाभर ७००, फळी ७००, नांगर १,७००, वाया गेलेला रोटाव्हेटर ५००, गाडल्यावर कुळव ८००: एकूण ६,७६० रुपये. मोकळ्या बाजूला कुळवाच्या चार पाळ्या, २,८०० रुपये. ताग ३,९६० रुपयांनी महाग पडला. रोटाव्हेटर आणि नांगराची दुसरी फेरी वजा केली, बियाणं घरचं धरलं तर फरक हजाराच्या आत येतो. फक्त पहिल्या वर्षीच्या ज्वारीकडे पाहून ताग करणाऱ्याची निराशा होईल, हे स्पष्ट लिहितो. सांडीतला गाळ आणि रानातल्या घळी ज्याला खुपतात त्याने करावा.

६ मार्च

उत्तरेच्या बांधालगत तागाची एक ओळ बियाण्यासाठी उभी ठेवली होती. नोव्हेंबरात शेंगा खुळखुळायला लागल्यावर कापून झोडली, ती आज साफ केली. सुरवंटांनी बऱ्याच शेंगा पोखरल्या होत्या, तरी ६ किलो बी निघालं. गोणपाटात १०० पैकी ९२ दाणे उगवले. हे बी जनावरांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी ठेवायचं, तागाचं बी त्यांना विषारी असतं. डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून माळ्यावर ठेवलं आहे.

येत्या खरिपात बाजू बदलायची. मोकळे २० गुंठे तागाखाली आणि तागाचे मोकळे. घरच्या ६ किलोला आणखी ६ किलो विकत घ्यावं लागेल. फळी तयार आहे. ट्रॅक्टरवाल्याला २५ जुलै ते १ ऑगस्टमधला एक दिवस आत्ताच सांगून ठेवला आणि ५०० रुपये विसार दिला. पाऊस चुकवून पूर्ण २० गुंठे एका दिवसात व्हायला हवेत. नाहीच झाले, तर राहिलेला ताग नांगरायचा नाही. विळ्याने कापून बांधाला आच्छादन म्हणून टाकायचा. तात्यांनी त्यासाठी दोन मजूर बघून ठेवतो म्हणून सांगितलं आहे.